गावसबाबांचा काटा

आमच्या लॅबमध्ये व्हाइटनरची बाटली आणणं म्हणजे सोमवारी देवळात मासळीची पिशवी घेऊन शिरण्यासारखं होतं. एकदा एका नव्या मुलीच्या पर्समध्ये ती सापडली. गावसबाबांनी ती दोन बोटांत धरून बाहेर नेली, कचऱ्याच्या डब्यात टाकली आणि परत येऊन साबणाने हात धुतले. पोरगी रडकुंडीला आली. तिला वाटलं आपली नोकरी गेली. मी तिला म्हटलं, अगं, नोकरी जायची असती तर ते इतके घाबरले नसते.

दत्ताराम गावस हे आमच्या औषध कंपनीतल्या तपासणी विभागाचे सुपरवायझर. कंपनी आमच्या पेडणे तालुक्यातली, ते डिचोलीचे. मूळ दोडामार्गाकडचे, बापाच्या वेळी खाणीच्या कामाला म्हणून खाली आलेले. आम्ही सगळे त्यांना गावसबाब म्हणायचो. बुटके, कपाळ मोठं, शर्टाच्या खिशात कायम दोन निळी पेनं, कारण एक बंद पडलं तर. छत्री बारा महिने, कारण गोव्याच्या आभाळाचा काय भरवसा. कंपनीची बस सात वाजता यायची तर हे साडेसहाला रस्त्यावर. बाहेरची माणसं आम्हां गोंयकारांना सुशेगाद, म्हणजे आरामशीर, म्हणतात ना, त्यांना एकदा गावसबाबांच्या शेजारी बसवून डिचोली ते पेडणे न्यायला हवं होतं.

मला ते आता रोज आठवतात. माझी मुलगी बारावीला आहे आणि घरात जेवताना दुसरा विषय नाही. नवरा म्हणतो, घाटावरच्या खासगी विद्यापीठात घालू, तिथे नोकरीची हमी देतात. दीर म्हणतो, इथलंच सरकारी बरं, पोरगी डोळ्यांसमोर राहील. सासूबाई म्हणतात, देवीला विचारा. आणि मी आमटीत डाव फिरवत गप्प बसते, कारण मला ह्या तिन्ही गोष्टींची भीती वाटते आणि ती का वाटते ते घरात कुणाला सांगितलेलं नाही.

तर काटा. लॅबमधल्या वजनाच्या यंत्राला आम्ही सगळे बॅलन्स म्हणायचो, गावसबाब मात्र काटोच म्हणायचे. काचेच्या पेटीत बसवलेलं नाजूक यंत्र ते. केस ठेवलात तर केसाचं वजन दाखवील. पेटीचं दार जरा उघडं राहिलं तरी वाऱ्याने आकडा हलतो. संध्याकाळी निघताना ते दारात उभे राहून मला विचारायचे, ‘काटो झाकलस गे?’ मी होय म्हटलं की दोन पावलं जायचे, परत फिरायचे आणि स्वतः बघून यायचे. शेवटचे दोन दिवस सोडले तर पंधरा वर्षांत हे कधी चुकलं नाही. पहिल्या वर्षी मला राग यायचा. म्हणजे मी काय खोटं बोलते? मग कळलं की ते घरीसुद्धा गॅसच्या बटणाला असंच तीनदा हात लावून येतात आणि बायकोही चिडायची सोडून आता नुसती हसते.

त्यांची वाक्यं दोनच. एक, ‘काटो थिरावांदे, मगे लिही.’ म्हणजे आकडा स्थिर होईपर्यंत वहीला पेन लावायचं नाही. दुसरं, ‘चूक दिसाक व्हयी.’ हे दुसरं आमच्या धंद्याचा नियमच आहे. वहीत चुकीचा आकडा पडला तर तो खोडायचा नाही, गिरवायचा नाही, पान फाडायचं नाही. त्याच्यावर एकच आडवी रेघ मारायची, अशी की खालचा आकडा वाचता आला पाहिजे. बाजूला खरा आकडा, सही, तारीख आणि चूक का झाली त्याचं कारण. जगातल्या सगळ्या औषध कंपन्यांत हे असंच चालतं. पण बाकीचे तो नियम म्हणून पाळतात, गावसबाब देवाचा निवेद दाखवावा तसे पाळायचे.

त्याचं कारण त्यांनी मला एकदाच सांगितलं, डबा खाताना. तरुणपणी ते एका खाणीच्या लॅबमध्ये होते, मातीत लोखंड किती ते तपासायचे. एके दिवशी त्यांनी लिहिलेल्या आकड्यावर कुणीतरी पांढरं लावून जास्तीचा आकडा लिहिला. सही मात्र खाली ह्यांचीच. माल पुढे गेला, तक्रार मागे आली आणि ह्यांना आठ दिवस ऑफिसच्या बाहेर बाकावर बसवून ठेवलं. रोज आत बोलवायचे, विचारायचे, हा आकडा तुझा? हे म्हणायचे, नाही. मग सही कुणाची? म्हणायचे, माझी. नवव्या दिवशी सोडलं, काही झालं नाही. पुढे खाण बंद पडली ती वेगळ्याच कारणाने. पण त्या आठ दिवसांत ह्यांच्या अंगात जे शिरलं ते शिरलंच. हे सांगताना त्यांनी उंड्याच्या पावाचा तुकडा आमटीत बुडवला आणि तो आमटीतच विसरले.

माणसं निवडायची परीक्षा त्यांनी ह्याच काट्यावर बसवली होती. नोकरीसाठी आलेल्याला एक छोटा धातूचा तुकडा द्यायचे आणि सांगायचे, तीनदा वजन कर, तीन आकडे लिही. इतकंच. पहिल्या दोन वेळा काही नाही. तिसऱ्या वेळी ते बाजूला उभे राहून, लक्षात येणार नाही असं, पेटीचं दार बोटभर उघडं ठेवायचे. वारा लागायचा, शेवटचा आकडा बदलायचा. आता जो मुलगा दिसला तो आकडा लिहील तो त्यांचा. दार उघडं आहे हे ओळखून बंद करील आणि पुन्हा वजन करील तो तर सोनंच. पण जो शहाणा, तीन आकडे सारखे यायला हवेत हे ठाऊक असलेला, तो पहिले दोन बघून तिसरा तसाच लिहायचा. तो गेला.

मी त्या परीक्षेतून आले ती कशी ते ऐका. मी पार्से गावची, इथल्याच सरकारी कॉलेजातून बी.एस्सी. बाप काजूच्या बागायतीत, घरात इंग्रजी वर्तमानपत्र यायचं ते पोहे बांधून. माझ्या शेजारी घाटावरच्या खासगी विद्यापीठातला एक मुलगा होता, गळ्यात टाय, तोंडात इंग्रजी असं की मला उठून घरी जावंसं वाटलं. त्याने तीन आकडे सुंदर अक्षरात लिहिले, तिन्ही सारखे. माझा तिसरा वेगळा आला. मला वाटलं, मीच चुकले. खोडायला रबर नव्हतं म्हणून मी त्यावर रेघ मारली. मग पुन्हा बघितलं तर आकडा तोच. मग घाबरून बाजूला तोच आकडा पुन्हा लिहिला. अक्षर इतकं वेडंवाकडं आलं की तो आठ आहे की शून्य हे मलाही नंतर सांगता आलं नसतं. गावसबाबांनी तो कागद मॅनेजरसाहेबांपुढे ठेवला. साहेब म्हणाले, ह्या मुलीला धड एक वाक्य बोलता येत नाही. गावसबाबांनी माझ्या कागदावरच्या रेघेवर बोट ठेवलं. ‘इंग्रजी शिकवूक येता, सायबा. ह्या शिकवूक येना नाय.’

तो टायवाला मुलगा आज एका मोठ्या कंपनीच्या विक्री विभागात आहे आणि माझ्याहून मोठ्या गाडीतून फिरतो. तेव्हा सरकारी म्हणजे प्रामाणिक आणि खासगी म्हणजे दिखाऊ असलं काही मी सांगत नाहीये. आमच्याकडे जंतू तपासणारी सगळ्यात हुशार बाई खासगीतली आहे. आणि सरकारी कॉलेजातला एक पहिला नंबरवाला फुटलेला फ्लास्क रुमालात गुंडाळून घरी नेताना गेटवर सापडला होता. दोन्हीकडची पोरं वर्षानुवर्षं बघून गावसबाबांनी जे अनुमान काढलं होतं ते असं, ‘सरकारीतली बोलूक भितत, खासगीतली गप ऱ्हवाक भितत.’ भीती दोघांनाही. सरकारीतल्याला वाटतं, साहेब आपल्या चपलांकडे बघतायत. खासगीतल्याला वाटतं, आईबापांनी एवढं केलं आणि आता आपण रिकाम्या हातांनी घरी कसं जायचं. मुलाखतीच्या दिवशी बाहेर बाकांवर बसलेल्या रांगेकडे मी बघायचंच टाळायचे. तीस जण बसलेले असायचे आणि जागा एक.

गावसबाबांना एकच मुलगी, मानसी. ती बारावी झाली त्या वर्षी ते दोन महिने भ्रमिष्टासारखे वागत होते. आयुष्यभर सरकारीतल्या पोरांना बोट धरून आत आणलेला माणूस, पण स्वतःच्या पोरीची वेळ आली तेव्हा पार हलला. मला विचारायचे, तुला जे मिळालं ते आता मिळेल? आता तर साहेब नुसतं बोलणं बघतात. त्यांच्या गावातली एक मुलगी सरकारी कॉलेजातून केमिस्ट्री करून विमानतळावर ट्रॉल्या गोळा करणाऱ्यांच्या हजेरीवर होती. ती त्यांना रोज स्वप्नात दिसायची म्हणे. खासगीचं माहितीपत्रक त्यांनी इतक्या वेळा चाळलं होतं की घडीवर फाटलं. त्यात शेवटच्या पानावर छापलं होतं, नोकरी नक्की.

शेवटी त्यांनी आमच्याकडे सगळेच करतात ते केलं. देवीला कौल लावला. ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी सांगते, गुरव देवीच्या अंगावर ओल्या पाकळ्या चिकटवतो आणि गाऱ्हाणं घालतो. पुरा प्रश्न नीट, नावगावासकट देवीपुढे मांडतो. मग सगळ्यांनी गप्प उभं राहायचं. उजवीकडची पाकळी पडली तर होय, डावीकडची पडली तर नाही. लग्न, जमीन, आजारपण, सगळं आमच्याकडे असंच ठरतं आणि ठरलं की माणूस निवांत होतो. गुरवाने गाऱ्हाणं सुरू केलं, बाये माये, हे तुझं लेकरू, ह्याच्या लेकीला घाटावर धाडायची की… आणि एवढ्यात उजवी पाकळी पडली. प्रश्न अर्धा तोंडात होता. गुरव म्हणाला, दत्ताराम, हा कौल नव्हे, पाकळी सैल होती, मी परत लावतो. गावसबाबांनी हात जोडले आणि म्हणाले, नको, देवीने सांगितलं.

त्यांना भीती वाटली, परत लावली आणि डावी पडली तर? हे त्यांनीच मला सांगितलं, पण सहा वर्षांनी.

मानसी घाटावर गेली. हुशार मुलगी, एम.एस्सी.पर्यंत तिथेच शिकली. सुट्टीत यायची तेव्हा बापाला भेटायला लॅबमध्ये यायची. चुणचुणीत, केस कापलेले, आम्हा सगळ्यांना ‘हाय’ म्हणायची. गावसबाब लांबून तिच्याकडे बघत राहायचे. मी तिला एकदा विचारलं, प्रॅक्टिकल कसं असतं गं तुमचं? म्हणाली, मावशी, यंत्रं तुमच्यापेक्षा भारी आहेत, पण एका यंत्रामागे साठ जण. बरंचसं पडद्यावरच दाखवतात. मी ते गावसबाबांना सांगितलं नाही. सांगून काय करणार होते?

शिक्षण संपलं तेव्हा ती ‘नोकरी नक्की’ म्हणजे काय ते कळलं. दिवसभर फोन करून त्याच विद्यापीठाचे प्रवेश विकायचे. इतर मुलांच्या आईबापांना सांगायचं की आमच्याकडे नोकरी नक्की आहे. मानसीने ते चार महिने केलं आणि सामान घेऊन डिचोलीला परत आली. मग दीड वर्ष घरी. अर्ज करायची, बोलावणं यायचं, जाऊन यायची. हळूहळू तिचं ते ‘हाय’ गेलं. गावसबाब बसमध्ये खिडकीशी बसायचे ते आता मधल्या सीटवर बसायला लागले, कुणी मुलीचं विचारू नये म्हणून. डब्यातली अर्धी पोळी परत न्यायचे. एका दुपारी त्यांनी मला तो पाकळीचा प्रसंग सांगितला आणि म्हणाले, ‘लोकांक सांगीत ऱ्हवलंय काटो थिरावांदे, आणि मी देवीक पुरता बोलाकच देवक नाय.’ म्हणजे देवीला पुरतं बोलूच दिलं नाही. त्यांच्या निवृत्तीला तेव्हा सात महिने राहिले होते. त्या सात महिन्यांत पोरगी कुठेतरी लागली नाही तर आपण मेल्यावर तिचं काय, हे एकच त्यांच्या डोक्यात फिरत होतं. मला त्यांची कीव यायची आणि खरं सांगायचं तर त्यांच्याजवळ बसायची भीतीही वाटायची. ती भीती लागणारी होती.

आणि नेमकी तेव्हाच आमच्या लॅबमध्ये एक जागा निघाली.

मानसीने अर्ज केला. गावसबाब स्वतः मॅनेजरसाहेबांकडे गेले आणि म्हणाले, माझी मुलगी आहे, मला ह्यातून वगळा. साहेब नवे होते, बाहेरचे. त्यांनी हसून सांगितलं, मुलाखत मी घेणार, निवड मी करणार, तुम्ही फक्त तुमची ती वजनाची गंमत करा. साहेबांना ती गंमतच वाटायची. मुलाखतीनंतर दोघीच राहिल्या. एक मानसी. दुसरी इथल्याच चोपडे गावची रेश्मा, सरकारी कॉलेजातली, बाप नदीत होडी घेऊन जाणारा. ती साहेबांपुढे इतकी हळू बोलली होती की साहेबांना दोनदा ‘काय?’ म्हणावं लागलं. साहेबांचं मन मानसीकडेच होतं. पण त्यांनी सांगून ठेवलं होतं, दोन्ही कागद माझ्याकडे आणा, परीक्षेत जी चुकेल ती नाही.

दुपारची वेळ. लॅबमध्ये आम्ही चौघंच. नियमाप्रमाणे कागदावर दोन सह्या लागतात, एक परीक्षा घेणाऱ्याची आणि एक ‘तपासलं’ म्हणून साक्षीची. साक्षीला मी.

रेश्मा आधी बसली, मानसी पलीकडच्या मेजाशी पाठमोरी. दोन वजनं झाली, दोन्हींचा शेवटचा आकडा तीन. तिसऱ्या वेळी गावसबाबांनी दार बोटभर सोडलं आणि आकडा आठवर गेला. तिने आठ लिहिला. मग मान वाकडी करून पेटीकडे बघितलं, दार लावलं, पुन्हा वजन केलं आणि मोडक्या इंग्रजीत बाजूला लिहिलं की दार उघडं होतं. माझ्या मनात आलं, झालं, संपलं. मी गावसबाबांकडे बघितलंच नाही.

मग मानसी बसली. दाराची ही खोच बापाने तिला घरी कधी सांगितली नव्हती. मी मनात म्हणत होते, ह्या वेळी दार सोडू नका हो, कोण बघतंय? पण त्यांनी सोडलं. आकडा तिनाचा आठ झाला, मी माझ्या डोळ्यांनी बघितला, त्यांनी बघितला, मानसीनेही बघितला. तिने मान वर करून बापाकडे एकदा बघितलं. मग खाली बघून तिने लिहिलं, तीन.

दोघींना बाहेर पाठवलं. गावसबाब कागद घेऊन खिडकीशी उभे राहिले, माझ्याकडे पाठ करून. पंखा फिरत होता, बाहेर पार्किंगमध्ये कुणीतरी स्कूटरला किक मारत होतं, ती सुरू होत नव्हती. मग ते मेजाशी आले, खिशातलं पेन काढलं आणि कागदावर वाकले. इंग्रजी आकड्यात तिनाचा आठ करायला काय लागतं? डावीकडून दोन अर्धगोल. पंधरा वर्षं ज्या माणसाने आमच्या हातांतली पेनं धरून ठेवली त्याने ते दोन अर्धगोल काढले, खाली सही केली आणि कागद माझ्यापुढे सरकवला. त्यांच्या वरच्या ओठावर घाम होता.

मी सही केली.

मला कुणी जबरदस्ती केली नव्हती. मला त्यांची दया आली असं मी पुढे बरीच वर्षं स्वतःला सांगितलं. पण दया नव्हती ती. ज्या माणसाने मला आत आणलं त्याला नाही म्हणायची माझी छाती नव्हती, इतकंच. संध्याकाळी साहेबांनी मानसीसमोर तोंडीच सांगितलं, तिसरा आठ बरोबर आहे, तुमची मुलगीच, पत्र उद्या देतो. गावसबाबांनी मान हलवली. त्या दिवशी निघताना त्यांनी मला काट्याचं विचारलं नाही.

दुसऱ्या दिवशी ते बसने आले नाहीत, रिक्षा करून आले, आणि सोबत मानसी. तिचे डोळे सुजलेले. रात्री घरात पेढे आणले होते, तेव्हा तिनेच बापाला विचारलं होतं, बाबा, मी तीन लिहिलं होतं, साहेब आठ म्हणाले ते कसं? आम्ही प्रॅक्टिकलला नेहमी तसंच करायचो, तिसरं रीडिंग पहिल्या दोनसारखं काढायचं, मग मार्क मिळायचे. मला वाटलं, पास होईन ते त्यामुळेच. हे तिने मला पुढे सांगितलं. गावसबाब उठून अंगणात जाऊन बसले म्हणे.

ते सरळ माझ्या मेजाशी आले. साहेबांकडे जायच्या आधी तो कागद त्यांनी फाइलमधून काढून घेतला होता. आठवर एकच आडवी रेघ होती, आठ नीट वाचता येत होता. बाजूला तीन. त्याखाली सही आणि आजची तारीख. कारण लिहायच्या जागी आम्ही इंग्रजीत काहीबाही लिहितो, नजरचूक, पेन घसरलं, असं. तिथे त्यांनी देवनागरीत एकच शब्द लिहिला होता, भय.

‘ह्यो आठ माझो,’ ते म्हणाले. ‘तिचो तीन होतो. मी सायबाक दाखवून येतंय.’

माझं लक्ष त्यांच्या रेघेकडे नव्हतं. खाली माझी सही होती, तिच्याकडे होतं. त्यांना ते कळलं. ते हळूच म्हणाले, ‘तू आकडो बघूक नाय म्हण. घाईत सही केलंय म्हण. तुझा ह्यात काय नाय.’

मी मान हलवली. बस्स, मान हलवली.

साहेबांच्या केबिनला काच आहे. आतलं ऐकू येत नाही, दिसतं. गावसबाब उभे होते, साहेब बसलेले. साहेब आधी हसले, मग हसायचे थांबले. कागद उलटा करून बघितला, सुलटा करून बघितला. मग मला बोलावलं. विचारलं, तुमची सही आहे, तुम्ही हा आकडा बघितला होता? गावसबाब माझ्याकडे न बघता भिंतीवरच्या कॅलेंडरकडे बघत होते. मी म्हटलं, नाही सर, घाईत सही केली. साहेबांनी मला, ह्यापुढे बघून करत जा, एवढंच सांगितलं. पुन्हा कधी तो विषय निघाला नाही. त्या केबिनमध्ये दोन माणसं घाबरलेली होती आणि त्यांतलं एकच खरं बोललं, ते मी नव्हते.

जागा रेश्माला मिळाली. ती आज माझ्या शेजारी बसते, आता मोठ्याने बोलते, इतकं की कधीकधी मीच गप्प कर म्हणते. मानसी डिचोलीत पाणी तपासणाऱ्या एका लहानशा लॅबमध्ये लागली, वर्षभराने, स्वतःच्या बळावर. तिथे तिला मुलाखतीत विचारलं, आयुष्यातली एक चूक सांगा, तेव्हा तिने ही सांगितली. आणि गावसबाबांच्या खुर्चीवर मी बसते. नव्या पोरांची वजनाची परीक्षा मीच घेते. दार बोटभर उघडं ठेवते आणि तिसरा आकडा काय लिहितात ते बघते. माझ्या स्वतःच्या त्या सहीवर मात्र मी अजून रेघ मारलेली नाही. म्हणून घरात मुलीच्या कॉलेजचा विषय निघाला की मला भीती वाटते. सरकारी की खासगी हे कुणीही ठरवील हो. पण तिने मान वर करून माझ्याकडे बघितलं तर तिला काय दिसणार?

गावसबाबांना साहेबांनी काढलं नाही. राजीनामा द्या, वाच्यता करत नाही, म्हणाले. त्याच दिवशी अकरा वाजता त्यांनी मेज आवरलं. छत्री, डबा, दोन पेनं. कुणाला काय झालं ते ठाऊक नव्हतं, सगळ्यांना वाटलं घरी कुणाची तब्येत बिघडली. मानसी गेटबाहेर रिक्षाशी उभी होती. मी खिडकीतून बघत होते, खाली जायचं धैर्य नव्हतं. ते गेटपर्यंत गेले. वॉचमनच्या वहीत सही केली. मग थांबले आणि मागे फिरले.

मला वाटलं, आता येतील आणि म्हणतील, तूही चल, तूही मार रेघ. ते ऊन डोक्यावर घेत, छत्री बगलेत तशीच धरून, पार्किंग ओलांडून माझ्या खिडकीखाली आले. मान वर केली. चेहरा रोजच्यासारखा, ओढलेला, घाबरलेला.

‘काटो झाकलस गे?’

मी होय म्हटलं.

रोज परत येऊन बघायचे ते आज बघायला येणार नव्हते. मग मान हलवून ते गेटकडे चालू लागले, मानसीने त्यांच्या हातातली डब्याची पिशवी घेतली आणि रिक्षा गेली. मी वळून मेजाकडे बघितलं. काट्याचं दार सकाळपासून उघडंच होतं.